कारण विचारले जात नाही

"या, या! तुमचीच वाट बघतायत आत," असं म्हणत गरजूंना मदत करणाऱ्या संस्थेचा शिपाई स्टुलावरून उठला आणि त्याने टेलरबाईला थेट संचालिकांच्या खोलीत नेऊन सोडलं.

टेलरबाई चक्रावली. गेल्या तीन खेपांना याच शिपायाने तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. "अर्ज आत आहे, कळवू." पण तेव्हा ती घरच्या कपड्यांत आली होती. दुकानाला आग लागली त्यात तिचं शिलाई मशीन गेलं, म्हणून नव्या मशीनसाठी अर्ज. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर अजून तिच्याकडे होती आणि शाळा उघडायला वीस दिवस उरले होते. या आठवड्यात मशीन आलं नाही तर ऑर्डर दुसऱ्या टेलरकडे जाणार, असा निरोप कालच आला होता. आज तिने ठेवणीतला ड्रेस काढला. गिऱ्हाइकाने नेलाच नाही आणि घरी राहिला, म्हणून आगीतून वाचलेला. इस्त्री केली, केस नीट बांधले. शिपायाने तिचा चेहरा आधीही पाहिला नव्हता, आजही पाहिला नाही.

पाचच मिनिटांनी दाराशी एक मुलगी आली. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या इंटर्नशिपचा तिचा पहिला दिवस. परदेशातल्या कॉलेजच्या अर्जाला सेवेचं एक प्रमाणपत्र जोडायचं होतं, बाबांनी ओळखीतून जमवून दिलं होतं. आईने बजावलं होतं, "तिथे झगमग करत जाऊ नकोस गं, बरं दिसत नाही." म्हणून तिने विटका, बाहीला ठिगळ लावलेला कुडता मुद्दाम विकत आणला होता. चांगलाच महाग पडला होता. शिपायाने तिला नखशिखान्त न्याहाळलं, चौदा नंबरचं टोकन हातात ठेवलं आणि बाकाकडे बोट केलं.

बाकाच्या वर पाटी होती: 'येथे कोणालाही येण्याचे कारण विचारले जात नाही.' ही संचालिकांची स्वतःची कल्पना. दर भाषणात त्या ती सांगत.

तासाभराने कारकुनाने चौदा नंबर पुकारला. कारण विचारायचं नव्हतं, म्हणून त्याने थेट दुसऱ्या रकान्यापासून सुरुवात केली.

"महिन्याची कमाई?"

"काहीच नाही."

"खर्च कोण बघतं?"

"बाबा."

"राहायला?"

"मावशीकडे. दोनच महिने. पुढचं अजून नक्की नाही."

"हाताला काही येतं का? स्वयंपाक, टायपिंग, काहीतरी?"

"नेतृत्वाचा कोर्स केलाय," मुलगी उत्साहाने म्हणाली. "पंधरा दिवसांचा."

कारकुनाने चष्मा काढून पुसला. वीस वर्षांच्या नोकरीत इतकी निराधार पोर त्याने पाहिली नव्हती. त्याने शेरा मारला, 'तातडीने', आणि कपाटातून एक पाकीट काढून तिच्या हातात दिलं. चादर, टॉवेल, दोन साबण, टूथपेस्ट. "बस बाळ, पुढचं सांगतो."

स्वागताची भेट आणि तीही इतकी साधी! मुलगी भारावून गेली. चादर छातीशी धरून तिने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

आत संचालिकांनी टेलरबाईला केव्हाच कामाला लावलं होतं. "बस. जरा मोठी दिसतेस, पण हल्ली तिशीपर्यंत शिकतातच म्हणा."

"ताई, मी खरं म्हणजे..."

"अंहं! कारण नाही सांगायचं. बाहेरची पाटी वाचली नाहीस?" त्यांनी एक ढीग पुढे सरकवला. "तीन महिन्यांचे अर्ज आहेत. कागद एकमेकांत गेलेत, कोणाचं काय ते कळत नाही, म्हणून सगळंच अडलंय. जुळव आणि सहीला ठेव."

टेलरबाईला वाटलं, मदत द्यायच्या आधी काम करून घ्यायची इथली पद्धत असेल. तेही रास्तच आहे. तिने ढीग उलगडला. एकाचा दाखला दुसऱ्याच्या अर्जाला टाचलेला, तिसऱ्याचा फोटो चौथ्याच्या पाठीवर. दुकानात चार जणींच्या कपड्यांचे कापलेले तुकडे एकत्र पडले की असंच होतं. तिने टाचण्या काढल्या, पाठीला पाठ, बाहीला बाही लावावी तसे कागद जुळवले, तारखेप्रमाणे लावले आणि एकेक सहीला सरकवू लागली. संचालिका फोनवर माणसाच्या सन्मानाबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता सह्या करत होत्या.

पाच वाजता ढीग संपला आणि मुलीच्या बाबांचा फोन आला.

"कशी आहे आमची कन्या?"

"हिरा आहे हो, हिरा! तीन महिन्यांचं काम एका दिवसात उपसलं."

"मग तिला चादर आणि साबण कशाला दिलेत?"

संचालिकांनी टेलरबाईकडे पाहिलं. मग दार उघडून बाकाकडे पाहिलं. बाकावर विटक्या कुडत्यातली मुलगी मांडीवर चादर घेऊन पुढचं कळायची वाट बघत होती.

फोन ठेवल्यावर संचालिका एकदम अहो-जाहोवर आल्या. "अहो बाई, सकाळीच नाही का सांगायचं, अर्जासाठी आलाय म्हणून?"

"सांगत होते ना. तुम्हीच म्हणालात, कारण नाही सांगायचं."

"बरं, बरं. झालं ते झालं." त्यांनी आवाज मऊ केला. "तुमच्या अर्जाचं पुढच्या महिन्याच्या बैठकीत बघू. कळवू तुम्हाला."

टेलरबाईने मांडीवरच्या टाचण्या वेचून डबीत टाकल्या, ड्रेसची सुरकुती हाताने सारखी केली आणि उठली.

"आता कशाला बैठक, ताई? माझा सतरावा होता. आधीचे सोळा होईपर्यंत थांबले, मग ठेवला. जेवणाच्या आधीच सही केलीत तुम्ही."