हवालदारांचा नंबर

तिजोरीचं दार सताड उघडं होतं आणि आत बंदूक नव्हती.

मुक्ताच्या हातून बटाट्यांची पिशवी सुटली. बटाटे गडगडत केलरभर पसरले. केलर म्हणजे घराखालचं तळघर. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गजवळच्या त्या गावात बटाटे, सायकली, बर्फावरच्या घसरगाड्या सगळं तिथेच ठेवायचे, आणि मुक्ताच्या घरी ही तिजोरीसुद्धा. नवरा सत्यजित गाड्यांच्या कारखान्यात कामाला गेलेला. सात वर्षांची मैत्रेयी शाळेत, तेवढं एक बरं. घरात होत्या फक्त सासूबाई.

“आई! अहो आई!”

वरून उत्तर नाही. कोणी चोर शिरला असेल तर? भरलेली बंदूक घेऊन तो वर असेल तर?

बंदूक म्हणजे थ्री-नॉट-थ्री. कुठल्याशा फौजेने मोडीत काढलेली, सत्तर वर्षांची म्हातारी. सत्यजितचे वडील, हवालदार श्रीपाद, तरुणपणी असलीच खांद्याला लावून सरहद्दीवर उभे राहिले होते. ते गेले आणि लेकाच्या डोक्यात खूळ शिरलं. गावातल्या नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं, परीक्षा दिली, परवाना काढला. तोवर जुन्या लष्करी बंदुकांचे भाव असे चढले की बोलायची सोय नाही. क्लबातल्या म्हाताऱ्यांनी एकेकाळी दोनशे युरोत घेतलेल्या बंदुकीला दुकानदार आता हजार मागत होते. दोन वर्षं हा बाबा जेवताना जाहिराती चाळायचा. “आत्ता नाही मिळाली तर कधीच नाही, मुक्ता,” हेच पालुपद. शेवटी क्लबातल्याच एका निवृत्त सुताराने ती स्वस्तात दिली. सत्यजित बापाच्या आठवणीसाठी घेतोय म्हणाला, म्हणून.

तेव्हापासून मुक्ताला धड झोप नव्हती. घरात लहान पोर आणि खाली बंदूक! सत्यजित म्हणायचा, “अगं, आकड्यांचं कुलूप आहे. नंबर कुठे लिहिलेला नाही, फक्त माझ्या डोक्यात आहे. इथला कायदाच आहे, तुलासुद्धा सांगायचा नाही.” त्या एका वाक्यावर ती वर्षभर तग धरून होती.

आता ती भिंतीला धरून जिना चढली. हॉलचं दार हळूच ढकललं.

सासूबाई, मनोरमाबाई, पाटासमोर डोळे मिटून पुटपुटत बसल्या होत्या. पाटावर शाल, शालीवर बंदूक. नळीला हळदकुंकू, दस्त्याला झेंडूची माळ. समोर निरांजन.

“ओरडतेस काय गं? आरती चालली होती,” त्यांनी डोळे उघडले. “खंडेनवमी आज. पहिलं हत्यार घरात आलंय, ते काय कपाटात कोंडून ठेवायचं?”

“पण आई, तुम्ही उघडलीत कशी?”

“त्यात काय? यांच्या फौजेतल्या नंबराने. सत्याच्या शाळेतल्या सायकलपासून सगळ्या कुलपांना तोच.”

मुक्ताला हसावं की रडावं कळेना. चोर नव्हता, देव पावला! पण लगेच दुसरी भीती उभी राहिली. परवान्याच्या कचेरीतली माणसं न कळवता तपासणीला येतात. सत्यजित घरात नसताना ही पूजा त्यांच्या नजरेला पडली, तर परवाना तर जाईलच, पुढच्या महिन्यात मिळणारं नागरिकत्वही अडकेल. तिने आधी पडदे ओढले. माळ काढली, कुंकू पुसलं, आणि दोघींनी मिळून ती जड बंदूक खाली नेली.

दार लागलं तरी तिला खरं वाटेना. “नंबर बरोबर होता, की दार उघडंच राहिलं होतं?”

“हे बघ,” म्हणत सासूबाईंनी बटणं दाबली. “सत्तावीस, त्रेसष्ट, अठ्ठेचाळीस, नऊ.”

पीप वाजलं. दार उघडलं.

“पुरे, आई, पुरे! लावा ते. आणि कोणाजवळ बोलू नका.”

“मी कोणाला सांगणार बाई इथे? माझी भाषा कोणाला येते?”

संध्याकाळी सत्यजितने सगळं ऐकलं आणि तोंडावरून हात फिरवला. “चुकलंच माझं. उद्या नंबर बदलतो. पण आईच ती, परकी का कोण?” मुक्ताने वर्षभराने पोटभर श्वास घेतला. उद्या तर उद्या.

दिवेलागण झाली. आजी-नात देवापुढे बसल्या. तीन महिन्यांपूर्वी आजी आल्यापासून रोजचं होतं हे. मैत्रेयीला मराठी कळायची, पण उत्तर जर्मनमध्ये. पाठ केलेलं सोडून स्वतःचं एक मराठी वाक्य तिने कधी जोडलं नव्हतं, आणि मुक्ता त्यासाठी देवाला नवस बोलायची बाकी होती. आकडे मात्र पोरीने पटकन उचलले. जर्मनमध्येही सात आधी आणि वीस नंतर, आपल्यासारखंच.

‘शुभं करोति’ झालं. परवचा झाला.

“आता आजोबांना नमस्कार,” आजी म्हणाली. “फौजेत पत्रावर आधी काय लिहायचं?”

मैत्रेयीने हात जोडले, डोळे घट्ट मिटले. “सत्तावीस, त्रेसष्ट, अठ्ठेचाळीस, नऊ. हवालदार श्रीपाद.”

सत्यजितचा चेहरा पांढराफटक पडला. मुक्ताने त्याचं मनगट गच्च धरलं.

आजी कौतुकाने तिच्या केसांवरून हात फिरवत होती. आणि मैत्रेयीने, कोणी न शिकवता, आयुष्यातलं पहिलं मराठी वाक्य स्वतः जोडलं.

“आणि मग पीप वाजतं.”