पाठमोरी पेटीवाली

तिकिटाच्या खिडकीपाशी दिग्विजयनं बापाच्या हातात तिकीट ठेवलं आणि पुन्हा विचारलं, “आबा, काय म्हणायचं तिला?”

“आई सीरियस हाय म्हणायचं,” सावळाराम म्हणाला.

“आन?”

“दारात गाडी हाय. तोंड बघून जा.”

“बास. भांडायचं न्हाय, जुनं काय काढायचं न्हाय. झालं ते झालं.” दिग्विजयनं त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. “मी आत आलो तर मला बघून ती जागची हालायची न्हाय. तुमचं ऐकंल.”

सावळारामनं मान हलवली आणि तो पायऱ्या चढला. चढताना त्याला दोनदा कठड्याला धरावं लागलं.

बारामतीची ही टॉकीज कित्येक वर्षं बंद पडलेली. सिनेमाचा नाद असलेल्या काही मंडळींनी ती झाडूनपुसून रविवारी दुपारी जुने मूकपट दाखवायला सुरुवात केली होती. पडद्यावर चित्र, आणि पडद्यासमोर बसून कुणीतरी ऑर्गन वाजवायचं. त्याचा एक व्हिडिओ फिरत फिरत त्यांच्या गावात, लासुर्ण्यात पोचला. त्यात वाजवणारी बाई पाठमोरी होती. वेणी, खांदे आणि हात, एवढंच दिसत होतं. “आपली मोना वाटती का?” दिग्विजयनं विचारलं होतं. सावळारामनं फोन डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. “कळंना,” म्हणाला.

सावळारामची पोरगी मोना तीन वर्षांपूर्वी घरातून निघून गेली. लोणी देवकरच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या पोराशी तिनं लग्न केलं आणि दोघं कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही. त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघालं नव्हतं. सावळाराम गावच्या भजनात पेटी वाजवायचा. तीही त्यानं सोडली.

आत अंधार झाला होता. डोअरकीपरनं बॅटरी दाखवून त्याला कडेच्या खुर्चीवर बसवलं. पडद्यावर एक जाडा फौजदार कोंबडीमागं धावत होता आणि लोक हसत होते. सावळाराम पडद्याकडं बघतच नव्हता. खाली ऑर्गनवर एक छोटा दिवा होता आणि दिव्यापाशी ती वेणी हलत होती.

ती नसावी, असं त्याला वाटलं. मग वाटलं, असावी. एकदा डोळ्यांनी बघायला तरी मिळेल.

फौजदार गेला आणि दुसरं चित्र लागलं. नदीच्या काठावर एक म्हातारी उभी होती आणि होडी लांब चालली होती. म्हातारी तोंड उघडून ओरडत होती, पण आवाज नव्हता. थिएटर गप्प झालं. ऑर्गनवर हळूच एक भजनाची चाल सुरू झाली, आणि दुसऱ्या ओळीला वर जायच्या आधी ती क्षणभर थांबली.

ते थांबणं सावळारामचं होतं. पोरीला मांडीशी बसवून त्यानंच शिकवलेलं. त्यानं उपरण्याचा बोळा तोंडात धरला.

मध्यंतराला दिवे लागले. लोक चहाला बाहेर पडले. सावळाराम पुढं निघाला तसा डोअरकीपर आडवा आला. “तात्या, तिकडं जाता येत न्हाय.”

“घरचा माणूस हाय मी,” सावळाराम म्हणाला.

मोनानं मान वळवली. ती उठली नाही, उठायचं भानच तिला राहिलं नसावं. चेहरा भरला होता. गळ्यात काळी पोत होती आणि पोट सात-आठ महिन्यांचं वाटत होतं.

“आबा.”

तो तिच्याकडं न बघता ऑर्गनच्या पट्ट्यांकडं बघत राहिला.

“आई कशी हाय?” तिनं विचारलं.

सावळारामचे ओठ हलले. घोटून घेतलेलं वाक्य अगदी जिभेवर होतं.

“बरी हाय,” तो म्हणाला. “सकाळीच भाकरी बांधून दिली तिनं.”

“माझी आठवण काढती?”

“न्हाय.”

तिनं खाली बघितलं. “मी येऊ का एकदा? बाळ झाल्यावर? नुसतं दाखवून माघारी जाईन.”

“यायचं न्हाय,” सावळाराम म्हणाला. “कधीच यायचं न्हाय. फोन करायचा न्हाय. हितं वाजवायचंबी न्हाय. तुझं असलं व्हिडिओ गावात फिरत्यात. आमाला ते नको. लांब कुठंतरी जा. पुण्याच्याबी पलीकडं.”

“आबा, एवढा राग?”

“व्हय.”

“मग आलात कशाला?”

तिच्या डोळ्यांतलं पाणी पट्ट्यांवर पडलं, तिनं पदरानं ते पुसलं, आणि पुसताना एक सूर चुकून वाजला. सावळारामचा हात तिच्या डोक्याकडं गेला, निम्म्यात थांबला आणि माघारी आला. एकदा हात ठेवला असता तर त्याच्यानं पुढचं काहीच जमलं नसतं.

“जा आजच,” तो म्हणाला आणि वळला.

मागून तिनं पुन्हा हाक मारली. तो थांबला नाही. लोक आत येत होते, त्यांच्यातून वाट काढत तो बाहेर आला. उन्हानं डोळे दिपले म्हणून बरं झालं, ते पुसायला निमित्त मिळालं.

दिग्विजय फाटकापाशीच होता, काखेत टॉवेलाचं गुंडाळं धरून. त्यानं बापाच्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

“काय झालं?”

“ती न्हाय,” सावळाराम म्हणाला. “सोलापूरकडची कोण बाई हाय. बोललो मी तिच्याशी.”

“नक्की?”

“माझी पोर मी वळखत न्हाय व्हय?”

दिग्विजय थोडा वेळ टॉकीजच्या दाराकडं बघत राहिला. मग थुंकला आणि पिकअपकडं चालू लागला. आत बसल्यावर त्यानं टॉवेल सोडला, त्यातला कोयता सीटखाली सरकवला, सकाळी लासुर्ण्याहून निघताना होता तिथंच, सावळारामच्या पायांपाशी.