शेवटचा हात

“अगं, हूक कुठे लावलेस?” विंगेत कुमुदताई कुजबुजल्या. राणीचा शालू उतरवून त्यांनी जोगिणीचा झगा चढवला होता, पण उजवा हात कमरेपाशी नुसताच चाचपडत होता. दिवे लागताच त्यांना रंगमंचावर उभं राहायचं होतं.

इतकी वर्षं नाटकाचे कपडे आई बघायची; ती गेल्यावर वेशभूषाकार म्हणून शलाकाचं हे पहिलंच नाटक. तिने डावीकडचे हूक कसेबसे अडकवले आणि ताईंना जवळजवळ ढकललंच.

प्रेक्षकांना काही कळलं नाही. शलाकाला मात्र आत्ता सगळं कळलं. आई डावखुरी होती. तिच्या मांडीवर बसून, तिच्या हातात हात देऊन शलाका शिवण शिकली, त्यामुळे स्वतः उजव्या हाताची असूनही ती हूक आईच्या हाताला सोयीचे पडतील असेच लावायची. प्रयोगाच्या आदल्या दिवशी आई म्हणायची, “ठेव तिथं. शेवटचा हात मी फिरवते.” म्हणजे इतकी वर्षं आई ते हूक गुपचूप उसवून नट्यांच्या सोयीच्या, उजव्या बाजूला लावत होती.

अंक संपल्यावर ताई घाम टिपत आल्या. “जीव गेला होता की गं माझा! उद्याच्या प्रयोगाच्या आत बदल ते. आईसारखे लाव.”

शलाकाने मान डोलावली. झगा मांडीवर घेतला. कात्रीचं टोक टाक्याखाली सरकवलं, पण तिला कात्री मिटवेना. जे टाके उसवायचे होते, ते तिनेच घातलेले, तरी अगदी आईच्या हातचे वाटत होते.