छत्तीसवर अडलेली रेषा

गोखिवऱ्याच्या शाळेतली सहावीची मुलं घेऊन मी गरम पाण्याच्या कुंडावर गेले होते. प्रत्येकाच्या स्टीलच्या ग्लासात कुंडाचं पाणी आणि थर्मामीटर. दर दहा मिनिटांनी तापमान बघायचं आणि वहीत आलेख काढायचा. तासाभरात सगळ्यांच्या रेषा खाली उतरल्या, शाल्मलीची मात्र छत्तीसवर अडून बसली. पाहते तर तिने ग्लास दोन्ही तळव्यांत घट्ट धरलेला. "अगं, हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं ना? हातांच्या उबेने पाणी गार होत नाही!" मी खेकसले. तिने ग्लास सोडला नाही. "बाई, आई गेली तेव्हा मी तिचा हात असाच धरला होता. अजून गरम होता. काकी म्हणाली, सोड आता. मी सोडला, मग गार पडला." तिने वर पाहिलं. "सोडला नसता तर, बाई?" उत्तर मीच तिला आत्ताच शिकवलं होतं.