कानाखालची गाठ

आमचं वासरू आईवेगळं, बाटलीच्या दुधावर वाढलेलं. तीन महिने झाले तरी चाऱ्याला तोंड लावेना. अशानं जगायचं कसं ते? त्यात काल मान खाजवताना त्याच्या कानाखाली गाठ लागली हाताला. माझं तर धाबंच दणाणलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

त्यांनी चाचपलं आणि हसल्याच. "काका, गाठ कसली, लाळेची ग्रंथी आहे ही. आत द्राक्षाच्या घडासारखे बारके दाणे असतात. नुसत्या दुधावर असतं तोवर एवढीशीच राहते. गवत चघळायला लागलं की लाळ जास्त लागते, मग ही वाढते."

"बाई, तुमची विद्या मोठी, पण हे बेणं गवताला शिवत नाही."

"मग ही काय हवेवर वाढली?"

तेवढ्यात बायको तणतणत आली, हातात झाडूची नुसती मूठ. "अहो, उंदरांनी हाही झाडू खाल्ला! महिन्यातला तिसरा!"

आम्ही तिघांनी वासराकडे बघितलं. गडी डोळे मिटून निवांत चघळत होता.

संध्याकाळी बाजारातून दोन झाडू आणले. एक हिला, एक त्याला.