सीताराम परबांची तोफ

"थांबा, आधी चष्मा पुसतो," म्हणत चंद्रप्रकाश सोनवण्यांनी भिंग बाजूला ठेवलं आणि नंदकुमार परबांचा जीव पुन्हा टांगणीला लागला.

सोनवणे वायुदलातून निवृत्त झालेले. विमानातून काढलेले फोटो बघून खाली जमिनीवर काय आहे ते सांगायचं, हीच त्यांची सगळी नोकरी. सोसायटीची सेक्रेटरी रश्मी त्यांना मुलुंडहून मुद्दाम अंधेरीला घेऊन आली होती. समोर टीपॉयवर महायुद्धाच्या काळातला फोटो होता. मागे धावपट्टी, पुढे वाळूच्या पोत्यांचा गोल कठडा, त्यात विमानं पाडायची तोफ आणि तोफेवर हात ठेवून उभे नंदकुमारांचे वडील, सीताराम.

नव्या टॉवरच्या सभागृहाला त्यांचंच नाव द्यायचं ठरलं होतं. आधी 'गोलंदाज सीताराम परब' सुचलं होतं, पण कुणीतरी ते कुठल्या टीमकडून खेळायचे असं विचारलं, म्हणून 'तोफची' केलं. पाटी रंगवून झाली आणि खुद्द नंदकुमारांच्या बायकोनेच, शेवंतीकाकूंनी, हळदीकुंकवात सांगून टाकलं, "कसली तोफ? लाकडाची होती ती."

संध्याकाळपर्यंत सगळा टॉवर हसत होता.

"माझ्या बापाने काय ओंडक्याची राखण केली?" नंदकुमार आत्ताही धुमसत होते.

"मामंजींनीच सांगितलं मला," काकू म्हणाल्या.

"मला नाही सांगितलं ते?"

"तुम्ही ऐकून घेता कुणाचं?"

"काका, काकू, प्लीज," रश्मी म्हणाली. "सरांना बघू द्या ना."

"वहिनी म्हणतात ते अशक्य नाही हां," सोनवणे म्हणाले. "तोफा कमी पडायच्या. मग शत्रूला फसवायला लाकडं काळी रंगवून उभी करायचे. वरून बघणाऱ्याला काय कळतंय?"

नंदकुमारांचा चेहरा पडला. काकूंचा एकदम खुलला.

"तेच तर म्हणते मी! लाकडाचीच. सांगून टाका आणि चहा घ्या."

"घाई नको. मी एकदा सांगितलं की शब्द फिरवत नाही." सोनवणे पुन्हा फोटोवर वाकले. मग त्यांनी विचारलं, "परब, वडिलांना कानाचं काही दुखणं होतं?"

"छे! ठणठणीत होते."

"मग कानात हा कापूस कशाला?"

"अत्तराचा फाया असेल. बाबा शौकीन होते."

"दोन्ही कानांत? एवढा बोळा?" सोनवणे पहिल्यांदाच हसले. "अहो, लाकडाच्या तोफेसाठी कोण कानात बोळे घालून उभा राहील? आणि ही चाकं बघा. केवढी रुतलीत मातीत. लाकूड इतकं रुतत नाही. ही तोफ शंभर टक्के खरी आहे."

नंदकुमार उठले, बसले, परत उठले. डोळे पुसत म्हणाले, "ऐकलंस, शेवंती? इतके दिवस माझ्या बापाच्या तोफेवर उठली होतीस!" रश्मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाइप करायला लागली.

काकूंनी मात्र स्वयंपाकघराकडे पाहिलं. "परत बघा हो जरा. तोफ खरी आणि गोळे खोटे, असं नसतं का कधी?"

"खऱ्या तोफेला गोळेही खरेच, वहिनी. ही पेटी दिसतेय ना पायाशी? चार खाचा आहेत. गोळे मात्र तीनच."

"चौथा बाबांनी उडवला!" नंदकुमार गरजले.

"उडवला नाही," काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

परत आल्या तेव्हा दोन्ही हातांत, पदराखाली, काहीतरी धरलं होतं. बाळंतिणीने पोर ठेवावं तसं त्यांनी ते अलगद सोफ्यावरच्या दोन उशांमध्ये ठेवलं. मनगटाएवढं जाड, पितळी, टोकदार. वापरून वापरून लख्ख झालेलं.

"हा तर आपला बत्ता," नंदकुमार म्हणाले.

"लग्नानंतर मामंजींनी दिला. मी घाबरले, तर म्हणाले, नकली तोफेचा नकली गोळा आहे, बिनधास्त वापर. तेव्हापासून ह्याच्यानंच कुटतेय सगळं. आज सकाळी सुकं खोबरं कुटलं."

रश्मीचं बोट मोबाइलवर तसंच राहिलं. सोनवण्यांनी हातातलं भिंग आवाज न करता टीपॉयवर टेकवलं आणि दाराकडे किती पावलं आहेत ते नजरेने मापलं.

नंदकुमारांनी हात जोडले. उशीसुद्धा हलू नये इतक्या हळू आवाजात म्हणाले, "साहेब, एकदा नीट बघा ना. मला तर ती लाकडाचीच वाटतेय."