दौलतरावांचं पाचवं पुस्तक

पुढारी दौलतरावांची चार पुस्तकं निघाली होती. एक कादंबरी, एक विलायतेचं प्रवासवर्णन, एक भातशेतीवरचं आणि चौथं कातकरी बोलीतल्या गाण्यांचं. ती गाणी खरं तर कातकरवाडीतल्या सखूनं रचलेली. त्यात तिच्या मेलेल्या लेकीसाठीचं गाणंही होतं. पण पुस्तकावर नाव दौलतरावांचं, आणि त्या बोलीतले पहिले कवी म्हणून पुण्यात शालही त्यांनाच मिळाली.

सखू पौडला त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. "ह्यात माझं नाव कुटं हाय?"

"तुला वाचता येतं का?" दौलतराव हसून म्हणाले आणि आत गेले.

१९६१ साली पाचव्या पुस्तकासाठी ते पुन्हा वाडीवर आले. सखूनं त्यांना घोंगडी अंथरून दिली आणि एक गाणं सांगितलं. त्यांनी ते अक्षर न अक्षर उतरवून घेतलं. ती बोली त्यांना कळत नव्हती; अर्थ विचारल्यावर सखू म्हणाली, "डोंगरातल्या देवाची स्तुती हाय."

पौडच्या प्रकाशन समारंभात दौलतरावांनी ते गाणं डोळे मिटून, भक्तिभावानं म्हटलं. पाहुणे म्हणून आलेल्या मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. मागं जमिनीवर बसलेली वाडीतली माणसं मात्र पोट धरून हसत होती. मंत्र्यांना नवल वाटलं. त्यांनी सखूच्या नवऱ्याला, काळूला, पुढं बोलावून गाण्याचा अर्थ विचारला.



काळू हात जोडून म्हणाला, "सायेब, ह्ये म्हनत्यात, मी चोर हाय. सखूच्या मेल्या लेकीचं गानं मी इकून खाल्लं."